रकाना हुकला की घामाचा हिशेब हुकतो

आमच्या वस्त्यांतील ज्या घरांत एकेकाळी बाप गिरणीत, गोदीत नाहीतर महापालिकेच्या झाडू खात्यात होता, त्याच घरांतील मुलगी आज कुठल्या तरी कंत्राटदाराच्या ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसलेली दिसते. तिच्या कामाला कोणी 'ऑपरेटर' म्हणते, कोणी 'डाटा एन्ट्री' म्हणते. पगार बेताचाच. परंतु तिच्या बोटांखालून दर महिन्याला दोनशे-तीनशे माणसांची हजेरी, पगार आणि भविष्य निर्वाह निधी जात असतो, आणि ही माणसे बहुतेक करून आपल्यासारख्याच घरांतली असतात. कोणी सफाई कामगार, कोणी वॉचमन, कोणी इस्पितळातली आया, कोणी गोदामातला हमाल. म्हणून तिच्या कामातील एका अगदी बारीक आणि कंटाळवाण्या भागाविषयी आज आम्ही लिहीत आहोत. तो भाग म्हणजे तक्त्यातील कॉलम एका क्रमातून काढून दुसऱ्या क्रमात लावणे, आणि ते काम मॅक्रोकडून करून घेणे.

ज्यांनी हे काम केलेले नाही त्यांना वाटेल की यात एवढे काय आहे? घरातील वडीलधाऱ्यांसाठी आधी सांगतो. स्प्रेडशीट म्हणजे कॉम्प्युटरमधला मस्टर होय. मस्टरमध्ये आडव्या ओळीत एक माणूस असतो आणि उभ्या रकान्यात एक बाब असते. नाव एका रकान्यात, हजेरी एका रकान्यात, पगार एका रकान्यात. फरक एवढाच की कागदाच्या मस्टरमध्ये रकाना जिथे आखला तिथे राहतो, कॉम्प्युटरमध्ये तो उचलून कोठेही ठेवता येतो. ही सोय आहे आणि हाच धोकाही आहे.

आता प्रत्यक्ष काम पाहू. कंत्राटदाराला दर महिन्याच्या पीएफचे विवरण भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या पोर्टलवर चढवावे लागते. त्याला ईसीआर म्हणतात. पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत हे काम आणि पैशांचा भरणा व्हावा लागतो. १२, १३, १४ तारखेला आपल्या मुली रात्री आठ-साडेआठच्या लोकलने का येतात, याचे उत्तर पुष्कळ वेळा या १५ तारखेत असते. यूएएनवर आधारलेल्या ईसीआरच्या फाइलमध्ये अकरा बाबी ठरलेल्या क्रमाने द्यायच्या असा नमुना आला. आधी बारा आकडी यूएएन, मग कामगाराचे नाव, मग एकूण पगार, मग पीएफचा पगार, पेन्शनचा पगार, विम्याचा पगार, मग कामगाराचा हिस्सा, मालकाच्या हिश्शातून पेन्शनला गेलेली रक्कम, त्यातून उरलेली रक्कम, मग बिनपगारी दिवस आणि शेवटी परत केलेली उचल. दोन बाबींच्या मध्ये हॅश, टिल्ड, हॅश अशी तीन चिन्हे. नमुना वेळोवेळी बदलतो, तेव्हा पोर्टलवरचा ताजा नमुना पाहूनच काम करावे. परंतु क्रम ठरलेला असतो ही गोष्ट बदलत नाही.

इकडे ऑफिसच्या पगार-सॉफ्टवेअरमधून जी फाइल निघते तिचा क्रम अगदी वेगळा. आधी अनुक्रमांक, मग टोकन नंबर, मग नाव, मग खाते, मग हजेरी, मग बिनपगारी दिवस, मूळ पगार, महागाई भत्ता, घरभाडे, आणि यूएएन कोठे तरी सर्वांत शेवटी. म्हणजे शेवटचा रकाना पहिला करायचा, तिसरा दुसरा करायचा, सहावा दहावा करायचा आणि निम्मे टाकून द्यायचे. हे दर महिन्याला. कंत्राटदाराच्या सात साइट असतील तर सात वेळा. माणूस यंत्र नाही. सातव्या फाइलला डोळे थकतात आणि हात चुकतो.

येथेच मॅक्रो कामाला येतो. जुन्या काळी आपण टेपरेकॉर्डरवर कॅसेट लावून गाणे भरून घेत असू आणि मग हवे तेव्हा वाजवीत असू. मॅक्रो तसाच आहे. एकदा आपण हाताने सर्व क्रिया करून दाखवायच्या, एक्सेल त्या भरून घेतो आणि पुढच्या महिन्यात एका बटणावर त्या जशाच्या तशा पुन्हा करतो. यात जादू नाही. तो विचार करीत नाही, फक्त आठवतो. पुढे जे सांगणार आहोत ते सर्व या एका वाक्यातून निघते, म्हणून ते ध्यानात ठेवावे.

थोडा इतिहासही सांगणे योग्य होईल. कॉम्प्युटरवरील पहिली नावाजलेली स्प्रेडशीट व्हिसिकॅल्क ही १९७९ साली अमेरिकेत डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन या दोघांनी बाजारात आणली. ब्रिकलिन त्या वेळी हार्वर्डच्या बिझनेस स्कूलमध्ये विद्यार्थी होता. १९८३ साली लोटस १-२-३ आली आणि तिच्याबरोबर मॅक्रो हा प्रकार कचेऱ्यांतून पसरला. आपल्याकडे नव्वदच्या दशकात टायपिंग इन्स्टिट्यूटच्या पाट्यांवर वर्डस्टार, डीबेस आणि लोटस ही नावे झळकत, ती अनेकांना आठवत असतील. एक्सेल प्रथम १९८५ साली मॅकिन्टॉशवर आले आणि १९९३ च्या आवृत्तीपासून त्यात मॅक्रो लिहिण्याची आजची भाषा, म्हणजे व्हीबीए, आली. आपल्या मुला-मुलींनी २००१ नंतर एमएस-सीआयटीचे वर्ग भरून टाकले, त्यातून एक्सेलची ओळख घरोघर झाली. पण बेरीज, सरासरी आणि आलेख यापुढे जाण्यास फार थोड्यांना वेळ मिळाला. फी भरून पुढचा कोर्स करणे प्रत्येकाला परवडते असे नाही. मॅक्रो शिकण्यास मात्र फी लागत नाही. तो एक्सेलच्या आतच असतो.

भरून घेण्याची रीत

एक्सेलच्या 'व्ह्यू' या पट्टीत शेवटी 'मॅक्रोज' असे बटण असते. त्याखाली 'रेकॉर्ड मॅक्रो' आहे. ते दाबले की नाव विचारतो. नावात मोकळी जागा चालत नाही आणि नाव अक्षराने सुरू व्हावे लागते. मग बटणांची जोडी विचारतो, तेथे कंट्रोल, शिफ्ट आणि एखादे अक्षर द्यावे. नुसते कंट्रोल आणि सी अशी जोडी देऊ नये, नाहीतर ती फाइल उघडी असेपर्यंत कॉपी करण्याचे नेहमीचे बटण हातचे जाईल. शेवटी मॅक्रो कोठे ठेवायचा ते विचारतो. 'धिस वर्कबुक' म्हटले तर तो या फाइलपुरता राहतो. 'पर्सनल मॅक्रो वर्कबुक' म्हटले तर त्या कॉम्प्युटरवर एक्सेलची कोणतीही फाइल उघडली तरी हाताशी असतो.

पण हे बटण दाबण्याआधी कागद-पेन्सिल घ्यावी. डाव्या बाजूला मूळ फाइलचे रकाने त्यांच्या अक्षरांसह लिहावेत, उजव्या बाजूला ईसीआरचे अकरा रकाने लिहावेत आणि मधे रेघा ओढाव्यात. एन मधून ए मध्ये, सी मधून बी मध्ये, एफ मधून जे मध्ये, असे. एकूण पगार, पीएफचा पगार या बाबी मूळ फाइलमध्ये तयार नसतील तर त्यांची बेरीज आधी मूळ पानावर शेवटी करून घ्यावी. रेकॉर्डिंग चालू असताना विचार करीत बसू नये, असे आमचे सांगणे आहे. त्या वेळी आपण केलेली प्रत्येक उलटसुलट निवडही भरली जाते.

रकाना हलविण्याचे दोन मार्ग आहेत. एक, त्याच पानावर रकाना कापून दुसरीकडे घुसवायचा. दोन, दुसरे कोरे पान घेऊन त्यावर एकेक रकाना कॉपी करायचा. आम्ही दुसराच मार्ग घ्या असे म्हणू. त्याच पानावर कापाकापी केली की प्रत्येक वेळी पुढच्या रकान्यांची अक्षरे सरकतात. एन उचलून ए च्या जागी घातला की सी चा डी होतो, आणि कागदावर काढलेल्या रेघा खोट्या ठरतात. दुसऱ्या पानावर कॉपी केले तर मूळ पान जसेच्या तसे राहते आणि जुळवून पाहण्यास साक्षीदार म्हणून उपयोगी पडते. पेस्ट करताना 'पेस्ट स्पेशल' मधून फक्त 'व्हॅल्यूज' घ्यावेत, म्हणजे बेरजांची सूत्रे नव्या पानावर जाऊन भलतेच आकडे दाखविणार नाहीत.

आणि रकाना निवडताना माऊसने वरून खालपर्यंत ओढून निवडू नये. रकान्याच्या डोक्यावरील अक्षरावर क्लिक करून पूर्ण रकाना निवडावा. हे बारीक वाटेल, पण येथे फसगत होते ती अशी. या महिन्यात ६० माणसे आहेत म्हणून आपण ६१ व्या ओळीपर्यंतच ओढून निवडले. मॅक्रोने '६१ व्या ओळीपर्यंत' हेच पाठ केले. पुढच्या महिन्यात साइटवर १५ माणसे नवी लागली. मॅक्रो ६१ व्या ओळीवर थांबला. फाइल छान दिसते, क्रम बरोबर आहे, फक्त १५ माणसे तिच्यात नाहीत. आणि ही १५ माणसे नवीन. त्यांना आपला पीएफ कापला जातो की भरला जातो हे विचारण्याइतकी ओळखही ऑफिसात झालेली नसते. कपात मात्र पगारातून झालेली असते. पूर्ण रकाना निवडला तर माणसे ६० असोत की ६००, सर्व जातात. शिवाय मागच्या महिन्याच्या जास्तीच्या ओळी नव्या पानावर शिल्लक राहण्याची भीतीही उरत नाही, कारण पूर्ण रकाना पूर्ण रकान्यावर बसतो.

अशा तऱ्हेने ओळी गळून पडणे ही काही आपल्याकडच्या छोट्या ऑफिसांचीच गोष्ट नाही. इंग्लंडमध्ये २०२० साली कोविडच्या काळात २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या दिवसांतील १५,८४१ रुग्ण सरकारी रोजच्या आकड्यांतून गळले होते. एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये ६५,५३६ च्या वर ओळी मावत नाहीत, त्यापुढचे सर्व कापले गेले, असे त्या वेळी उघड झाले. तेवढे दिवस त्या रुग्णांच्या संपर्कातील लोकांपर्यंत निरोप उशिरा गेले. २००७ नंतरच्या फाइलमध्ये दहा लाखांवर, नेमक्या सांगायच्या तर १०,४८,५७६ ओळी मावतात. फाइलच्या नावाचे शेपूट जुने ठेवले तर मात्र जुनीच मर्यादा लागू होते.

ओरडणारी चूक आणि मुकी चूक

आता समजा, सॉफ्टवेअर देणाऱ्या कंपनीने आपल्या फाइलमध्ये नावानंतर 'शिफ्ट' असा एक नवा रकाना घातला. पुढचे सर्व रकाने एक घर उजवीकडे गेले. मॅक्रोला हे ठाऊक नाही. तो एन मधून यूएएन आणायला जातो आणि तेथे आता भलतीच रक्कम आहे. पहिल्या रकान्यात बारा आकड्यांच्या जागी ५५० दिसले की कोणाच्याही लक्षात येते. ही चूक बरी, कारण ती ओरडते.

वाईट चूक मुकी असते. त्याच कंपनीने एखाद्या महिन्यात हजेरी आणि बिनपगारी दिवस या शेजारच्या दोन रकान्यांची फक्त अदलाबदल केली तर? यूएएन बरोबर, नाव बरोबर, सर्व रकमा बरोबर. दहाव्या रकान्यात मात्र बिनपगारी दिवसांऐवजी हजेरीचे दिवस जातात. जो माणूस महिन्याचे २६ दिवस उन्हातान्हात उभा राहिला, त्याच्या नावावर २६ दिवस बिनपगारी लागतात. आणि जो २० दिवस आजारी होता त्याच्या नावावर सहाच. पेन्शनच्या हिशेबात बिनपगारी दिवस पाहिले जातात. मासिक पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते. ही चूक आज कोणाला दिसत नाही. ती अठ्ठावन्नाव्या वर्षी दिसते, आणि तोवर कंत्राटदार बदललेला असतो, ऑफिस उठलेले असते, मुलगी लग्न होऊन दुसरीकडे गेलेली असते. हाताने काम करताना अशी चूक एखाद्या महिन्यात होईल. मॅक्रो ती न थकता दर महिन्याला करील.

याला उपाय आहे. मॅक्रोला रकान्याचे अक्षर पाठ करू द्यायचे नाही, रकान्याचे शीर्षक शोधायला लावायचे. ऑल्ट आणि एफ-११ दाबले की मॅक्रोचा मजकूर उघडतो. भरून घेतलेल्या क्रिया तेथे इंग्रजीत ओळीवार लिहिलेल्या दिसतात. आपल्या मुली हे पाहून घाबरतात. घाबरण्याचे कारण नाही. दहा-बारा शब्दच फिरून फिरून येतात, आणि आपणच केलेली क्रिया समोर असल्यामुळे कोणत्या ओळीचा अर्थ काय हे लावता येते. त्यात बदल असा करायचा की पहिल्या ओळीत अमुक शीर्षक शोध, सापडले तर तो पूर्ण रकाना नव्या पानावर अमुक जागी नेऊन ठेव, सापडले नाही तर तेथेच थांब आणि सांग. हे 'थांब आणि सांग' अत्यंत महत्त्वाचे आहे. शोधून न सापडता पुढे जाणारा मॅक्रो हा शिपायाने दार उघडे टाकून झोपण्यासारखा आहे.

येथे मराठीत काम करणाऱ्यांसाठी एक अडचण सांगितली पाहिजे. मॅक्रोचा मजकूर ज्या खिडकीत लिहितात तिला देवनागरी अक्षरे कळत नाहीत. तेथे 'बिनपगारी दिवस' असे लिहिले तर प्रश्नचिन्हांची रांग उमटते. पानाला 'मूळ' असे नाव दिले असेल तर भरून घेतलेल्या मॅक्रोतही तेच होते आणि चालविताना तो अडतो. तेव्हा पानांची नावे इंग्रजी अक्षरांत असू द्यावीत. शीर्षके मात्र मराठीत ठेवता येतात. त्यासाठी तिसऱ्या पानावर अकराही शीर्षके हव्या त्या क्रमाने एकाखाली एक लिहावीत आणि मॅक्रोने ती तेथून वाचून मूळ पानावर शोधावीत. याचा दुसरा फायदा असा की उद्या नमुना बदलला तर मॅक्रोला हात लावावा लागत नाही, फक्त ती यादी बदलावी लागते. ऑफिसातील दुसरी मुलगीही ते करू शकते.

ज्यांना मॅक्रो लिहिणे अजून जमत नाही त्यांनी 'इंडेक्स' आणि 'मॅच' ही दोन सूत्रे शिकावीत. 'मॅच' शीर्षक कोणत्या क्रमांकाच्या रकान्यात आहे ते सांगते, 'इंडेक्स' त्या रकान्यातील मजकूर आणून देते. शीर्षकात एक मोकळी जागा जास्त असली तरी 'मॅच' नाही म्हणते आणि चौकोनात चूक दाखविते. तिचा राग येऊ देऊ नये.

एखाद्याच वेळचे काम असेल तर याहून सोपी एक युक्ती आहे. तक्त्याच्या वर एक कोरी ओळ घालावी, तीत प्रत्येक रकान्यावर त्याचा हवा तो क्रमांक लिहावा, मग 'सॉर्ट' मध्ये 'ऑप्शन्स' उघडून 'लेफ्ट टू राइट' निवडावे आणि पहिल्या ओळीवर सॉर्ट करावे. रकाने आपोआप क्रमाने लागतात. फक्त तक्त्यात सूत्रे असतील तर ती आधी व्हॅल्यूज करून घ्यावीत. मात्र ही युक्ती मॅक्रोत भरू नये. सॉर्टच्या वेळी ओळींची हद्द पाठ केली जाते आणि वर सांगितलेली १५ माणसांची गोष्ट येथे आणखी वाईट रूपात घडते. वरच्या ६० माणसांचे रकाने हलतात, खालच्या १५ जणांचे जागच्या जागी राहतात. एकाच रकान्यात वर पगार आणि खाली टोकन नंबर!

सॉर्टवरून आठवले. फक्त नावाचा रकाना निवडून नावे अक्षरक्रमाने लावायला गेले की एक्सेल विचारतो, निवड वाढवू की एवढेच करू? घाईत 'एवढेच' म्हटले तर नावे हलतात आणि यूएएन जागेवर राहतात. एकाचे नाव दुसऱ्याच्या खात्यावर. अशा वेळी लगेच कंट्रोल-झेड करावे. पण मॅक्रो चालविल्यानंतर हा मार्ग बंद असतो. मॅक्रोने केलेले काम कंट्रोल-झेडने परत येत नाही. म्हणून मॅक्रो नेहमी फाइलच्या प्रतीवर चालवावा.

आकड्यांच्या खोडी

यूएएन बारा आकडी आहे आणि साध्या चौकोनात एक्सेल अकरा आकड्यांपर्यंतच पूर्ण दाखवितो. बारावा आला की १.०१ई+११ असे काही तरी दाखवू लागतो. आत आकडा शाबूत असतो, पण फाइल सीएसव्ही म्हणून ठेवली की जे दिसते तेच लिहिले जाते आणि सर्व यूएएन मातीमोल होतात. बँकेच्या खात्यांचे याहून वाईट. एक्सेल पंधरा आकड्यांपर्यंतच संख्या नेमकी धरतो. सोळा आकडी खाते संख्या म्हणून टाकले तर शेवटचा आकडा शून्य होतो, आणि सुरुवातीची शून्ये तर आधीच गळतात. तेव्हा यूएएन आणि खाते नंबर यांचे रकाने माहिती टाकण्यापूर्वी 'टेक्स्ट' करून ठेवावेत. त्यांची बेरीज आपल्याला कधीच करायची नसते.

क्रम लावून झाला की पडताळा घ्यावा. दोन्ही पानांवरील माणसांची संख्या मोजावी. रकमांच्या प्रत्येक रकान्याची बेरीज दोन्हीकडे सारखी यावी. मग पहिला, मधला आणि शेवटचा कामगार घेऊन त्याची ओळ बोट ठेवून वाचावी. शेवटचा तर नक्कीच. परंतु बेरीज जुळली म्हणजे सर्व जुळले असे नाही, याचे उदाहरण देतो. पीएफचा पगार १२,००० असेल तर १२ टक्क्यांनी कामगाराचा हिस्सा १,४४० होतो. मालकाचेही तेवढेच, त्यातील ८.३३ टक्के म्हणजे १,००० पेन्शनला आणि उरलेले ४४० पीएफला. आता ही दोन रकान्ये उलटी बसली तरी १,४४० ची बेरीज बिनचूक जुळते! म्हणून बेरजेबरोबर हेही पाहावे की पेन्शनची रक्कम उरलेल्या रकमेहून मोठी आहे की नाही. पेन्शनच्या पगाराची मर्यादा २०१४ साली १५,००० झाली, त्या हिशेबाने पेन्शनला जास्तीत जास्त १,२५० जातात. त्या मर्यादेपर्यंतच्या पगारात पेन्शनचा आकडा नेहमी मोठाच असतो. तसेच पगार पूर्ण आणि बिनपगारी दिवसही वीसच्या वर असे कोणाचे दिसले तर तेथे थांबावे.

मॅक्रो असलेली फाइल वेगळ्या शेपटाने, एक्सएलएसएम म्हणून ठेवावी लागते, नाहीतर मॅक्रो पुसला जातो. आणि दुसऱ्याने पाठविलेली अशी फाइल आली तर ती डोळे झाकून चालू करू नये. १९९९ च्या मार्चमध्ये मेलिसा नावाचा मॅक्रो व्हायरस ई-मेलमधून जगभर पसरला होता. पुढे २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फाइलमधील मॅक्रो मुळातच अडविण्यास सुरुवात केली. ऑफिसातील फाइल अडली म्हणून कोणी 'सर्व मॅक्रो चालू ठेव' अशी खूण करून ठेवतात, ती करू नये. घरी शिकायला एक्सेल नसेल तर लिब्रेऑफिस फुकट मिळते. त्यात रेकॉर्डिंगची सोय 'ॲडव्हान्स्ड' मध्ये जाऊन आधी चालू करावी लागते. गुगल शीट्समध्येही कॉम्प्युटरवर 'एक्स्टेन्शन्स' खाली मॅक्रो भरता येतो. मोबाइलवरील एक्सेलमध्ये मात्र हे मॅक्रो चालत नाहीत.

काही भगिनींना एक वेगळी भीती असते. तीन तासांचे काम तीन मिनिटांत झाले तर साहेब आपल्याला ठेवील का? ही भीती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. कंत्राटी नोकरीत ती असणारच. पण वाचलेला वेळ पडताळ्यात घालवावा, असे आम्हांस वाटते. क्रम लावण्याचे काम यंत्र करील. २६ दिवस उभा राहिलेला माणूस बिनपगारी दाखविला गेला आहे, हे ओळखण्याचे काम ते करीत नाही.

आणि ज्या घरात कॉम्प्युटर नाही त्यांनीही आपल्या बाजूने पाहावे. यूएएन चालू करून घेतला असेल तर उमंग ॲपवर किंवा संघटनेच्या पासबुकाच्या पानावर महिन्यावार भरणा दिसतो. त्यात पगार, कामगाराचा हिस्सा, मालकाचा हिस्सा आणि पेन्शन असे रकाने असतात. पगारपावती शेजारी ठेवावी. पावतीवरची कपात आणि पासबुकातील कामगाराचा हिस्सा सारखा आहे का, पेन्शनचा आकडा वर सांगितलेल्या हिशेबात बसतो का, मधला एखादा महिना गळला आहे का, हे आई-बाबांनी मुलांना बसवून एकदा वाचून घ्यावे. फरक आढळला तर महिना, पावतीवरचा आकडा आणि पासबुकातला आकडा कागदावर लिहून ऑफिसात द्यावा, त्याची एक प्रत आपल्यापाशी ठेवावी आणि घेतल्याची सही त्या प्रतीवर मागून घ्यावी.